अटेम्प्ट की तालीम?

आपल्या हॉस्टेलमध्ये 'अटेम्प्ट' हा शब्द एकाच अर्थाने वापरला जातो. "कितवा अटेम्प्ट?" असं कुणी विचारलं की समोरचा मान खाली घालून आकडा सांगतो. मीही सांगत होते, "एम-थ्री, दुसरा." पण मागच्या वर्षी माझ्या आयुष्यात आणखी एक अटेम्प्ट सुरू झाला आणि त्याचा आकडा पार त्रेचाळीसपर्यंत गेला. तो पेपर नव्हता, दगड होता! हा लेख त्या दगडाबद्दल आहे. आणि थोडासा एम-थ्रीबद्दलही.

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने तपासले आहेत, उरलेल्या चुका माझ्या. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला रॉबर्ट ब्रूस राजाची गोष्ट सांगायच्या. लढाईत हरलेला राजा गुहेत लपून बसतो, एक कोळी जाळं विणताना पुन्हा पुन्हा पडतो, शेवटी जमवतो आणि ते बघून राजाला हुरूप येतो. घरी आजी म्हणायची, प्रयत्नांती परमेश्वर. म्हणजे शाळा आणि घर, दोन्हीकडून शिकवण एकच : पडलीस ना, मग परत कर. त्या कोळ्याला मात्र कुणी विचारलं नाही की बाबा रे, इतक्या वेळा पडलास, त्यात प्रत्येक वेळी बदललंस काय?

दगड

झालं असं की ऑक्टोबरमध्ये आमचा ग्रुप अजिंठ्याला गेला. संभाजीनगरहून सुमारे शंभर किलोमीटर. सिल्लोड, अजिंठा गाव, मग घाट उतरून फर्दापूर. लेणी सगळ्यांनी पाहिलेली असतात, पण मेकॅनिकलवाल्यांनी चित्रांबरोबर दगडही बघावा असं माझं मत आहे. वाघूर नदीने घोड्याच्या नालेसारखा वळसा घेतलाय आणि त्या वळणावरच्या उभ्या बेसॉल्टच्या कड्यात तीस लेणी खोदली आहेत. चार नंबरच्या लेण्यात वर छताकडे बघा, लाव्हा वाहत गेल्याच्या खुणा अजून दिसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर थरावर थर साचलेला तो लाव्हा. तो थंड होताना आतल्या वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या झाल्या आणि नंतर त्यांतल्या बऱ्याच पोकळ्यांत खनिजांचे स्फटिक तयार झाले. अजिंठ्याला फेरीवाले जे पांढरे-हिरवे चमकणारे दगड विकतात ना, ते हेच.

चोवीस नंबरचं लेणं अर्धवट आहे. पुरं झालं असतं तर अजिंठ्यातल्या सर्वांत मोठ्या विहारांपैकी एक झालं असतं. अर्धवट सोडलेले खांब बघताना माझ्या मनात आलं, इथे छिन्नीचा चुकीचा घाव म्हणजे कायमचा घाव. काढलेला दगड परत लावता येत नाही. या कारागिरांना 'परत एकदा ट्राय करतो' म्हणायची सोय नव्हती. म्हणजे हात आधीच तयार असायला हवा होता. तेव्हा हा विचार तिथेच सोडून मी वडापाव खायला गेले. तो परत आला, पण नंतर.

लेण्यांपासून बऱ्याच लांब, डोंगररांगेच्या पायथ्याशी एका शेताच्या बांधावर आम्हाला आमचा दगड भेटला. (लेण्यांच्या कड्यावर चढायचा विचारसुद्धा करू नका. ते संरक्षित स्मारक आहे, गुन्हा तर आहेच आणि दोन हजार वर्षांचा ठेवा आपल्या बुटांनी खराब करणं हे पापही आहे.) शेतवाल्या काकांनी परवानगी दिली, वर "काय करू राहिले बाई तुम्ही? दगडावर काय ठेवलंय?" असंही विचारलं. दगड जेमतेम चार मीटर उंच, पण पुढे झुकलेला. अशा छोट्या, दोर न लावता चढायच्या चढाईला बोल्डरिंग म्हणतात आणि चढायच्या वाटेला म्हणतात 'प्रॉब्लेम'. आमच्या प्रॉब्लेमला नाव आपोआप पडलं : एम-थ्री. सुटत नाही म्हणून!

पहिल्या तीन मूव्ह सोप्या. चौथीला डावा हात लांब टाकून एका भोकात घालायचा. स्फटिक गळून पडलेली बुडबुड्याची पोकळी, दोन बोटं मावतील एवढीच. मधलं बोट आणि अनामिका. तिथे अंग बाहेर फेकलं जायचं आणि मी खाली. खाली काय, तर हॉस्टेलच्या दोन गाद्या. (रेक्टर मॅडम, गाद्या धुऊन परत ठेवल्या आहेत.) मैत्रिणी हात वर करून उभ्या असायच्या, डोकं आपटू नये म्हणून.

सहा रविवार सकाळची एसटी पकडून गेले. एम-थ्रीच्या वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक अटेम्प्टची एक उभी रेघ मारायची. त्रेचाळीस रेघा. त्रेचाळिसाव्या वेळी भोकात बोटं घातली, लटकले आणि 'टक्' असा आवाज आला. दगडातून नाही, अनामिकेतून.

बोटात नेमकं काय असतं?

बोट वाकवणारे मुख्य स्नायू बोटात नसतातच, ते कोपर ते मनगट या भागात असतात. तिथून लांब दोऱ्या, म्हणजे टेंडन, बोटांपर्यंत येतात. त्या दोऱ्या हाडाला चिकटून राहाव्यात म्हणून जागोजागी कड्या असतात. मासे पकडायच्या गळाच्या काठीवर दोरी कड्यांतून जाते ना, अगदी तसं. डॉक्टर या कड्यांना 'पुली' म्हणतात. बोट वाकवून सगळं वजन टाकलं की या पुलींवर प्रचंड ताण येतो. चढाई करणाऱ्यांमध्ये यातली ए-टू नावाची पुली दुखावणं फार कॉमन आहे, आणि अनामिकेची तर जास्तच. माझी ताणली होती, तुटली नव्हती. डॉक्टरांनी सहा आठवडे लटकणं बंद सांगितलं.

पट्टी बांधलेलं बोट घेऊन मी स्ट्रेंथच्या लॅबमध्ये गेले. सरांनी विचारलं, मी खरं ते सांगितलं. सर रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "त्रेचाळीस रीडिंग घेतलेस. ऑब्झर्व्हेशन टेबल कुठे आहे?"

टेबल नव्हता. फक्त रेघा होत्या. मग सरांनी फटीगचं उदाहरण दिलं. स्टीलच्या दांड्यावर एकदाच टाकला तर तो सहज पेलेल एवढा भार हजारो-लाखो वेळा टाकला की बारीक तडा जातो, वाढतो आणि एक दिवस दांडा तुटतो. दांड्याला मध्ये महिनाभर सुट्टी दिली तरी तडा काही भरून येत नाही. शरीराचं तसं नाही. ताण दिला की त्यात बारीक झीज होते आणि विश्रांती मिळाली की ते आधीपेक्षा थोडं मजबूत होऊन भरून येतं. म्हणजे ताण अधिक विश्रांती बरोबर ताकद. विश्रांती काढून टाकली तर आपल्यात आणि दांड्यात फरक उरत नाही!

यातली मेख अशी की शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने सुधारत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती बरीचशी मेंदू आणि नसांची असते, आहेत तेच स्नायू जास्त चांगले वापरता येतात. स्नायू खरोखर वाढायला त्याहून जास्त वेळ लागतो. टेंडन आणि पुली सगळ्यांत आळशी, त्यांना महिनेच्या महिने लागतात. म्हणून नवशिक्याला वाटतं 'आता जमतंय', आणि नेमकं तेव्हाच बोट जातं. माझं तसंच झालं.

दुसरी गोष्ट लागोपाठच्या अटेम्प्टची. पूर्ण जोर लावून केलेल्या पाच-दहा सेकंदांच्या मूव्हसाठी स्नायूत जी तयार ऊर्जा असते, ती बऱ्यापैकी परत भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. मी मिनिटभरात परत दगडाला चिकटायचे. म्हणजे पहिला अटेम्प्ट खरा, पुढचे सगळे अर्ध्या टाकीवर. त्यात दमलेल्या अवस्थेत मूव्ह नीट होत नाही, आणि जे पुन्हा पुन्हा करतो तेच अंगवळणी पडतं. मी सहा रविवार चौथ्या मूव्हला पडायचाच रियाज केला होता!

मामांचं मत

वर्कशॉपच्या मामांना आपण सगळे ओळखतो. जॉब बिघडला की आपण ज्यांच्याकडे धावतो ते. मामा तरुणपणी सिल्लोडकडच्या जत्रांमध्ये कुस्त्या खेळायचे हे मला त्या दिवशी कळलं. माझं बोट बघून म्हणाले, "ताई, तू रोज फडातच उतरू राहिली. असं नसतं. मेहनत येगळी अन् कुस्ती येगळी. जोर-बैठका रोज, लढत बेतानं, अन् फड वर्षातून चार बार."

मग थोडं थांबून म्हणाले, "पण नुसत्या बैठका मारणारा बी पडतो बरं का. मांड्या दगडावानी, अन् डाव एक येत नाही."

मला वाटतं या विषयातलं सगळं मामांनी या दोन वाक्यांत सांगून टाकलं. जगातल्या मोठ्या चढाया बघितल्या तर हेच दिसतं.

वोल्फगांग ग्युलिश या जर्मन क्लाइंबरने १९९१ मध्ये जर्मनीच्या फ्रँकेनयुरा भागात 'आक्सियों दिरेक्त' नावाची वाट चढली. तेव्हाची जगातली सर्वांत अवघड वाट. पुढे झुकलेला चुनखडीचा कडा आणि धरायला एक-दोन बोटांची भोकं, एका भोकातून झेप घेऊन दुसऱ्यात बोट अडकवायचं. ग्युलिशने काय केलं? न्यूरेंबर्गच्या 'कॅम्पस सेंटर' नावाच्या जिममध्ये त्याने १९८८ मध्येच लाकडी पट्ट्यांची एक शिडीवजा फळी बनवली होती. पाय हवेत ठेवून फक्त बोटांच्या जोरावर एका पट्टीवरून वरच्या पट्टीवर झेपा घ्यायच्या. आज जगभरच्या क्लाइंबिंग जिममध्ये जो 'कॅम्पस बोर्ड' असतो तो हाच. त्यावर त्याने या वाटेला लागणारी नेमकी ताकद कमावली आणि प्रत्यक्ष कड्यावर अकरा दिवस घालवून ती वाट पार केली. म्हणजे मेहनत आधी, फड नंतर.

आता उलट उदाहरण. अमेरिकेतल्या एल कॅपिटान या सुमारे नऊशे मीटरच्या कड्यावरची 'डॉन वॉल' टॉमी कॉल्डवेल आणि केव्हिन जॉर्जेसन यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी पूर्ण केली. १९ दिवस कड्यावरच मुक्काम. त्यात पंधराव्या टप्प्यावर जॉर्जेसन अडकला. सात दिवसांत दहा वेळा पडला, अकराव्यांदा जमलं. वर्तमानपत्रांत हे वाचून सगळे म्हणाले, बघा चिकाटी! पण त्या सात दिवसांत त्याने बोटांची कातडी भरून येण्यासाठी विश्रांतीही घेतली होती. आणि त्याआधी काही वर्षे तो याच कड्यावर तयारी करत होता. कॉल्डवेल तर त्याहूनही आधीपासून. दहा वेळा पडणं दिसतं, मागची वर्षं दिसत नाहीत.

एक गंमत सांगते. अजिंठ्याची चित्रं नकलून काढण्यासाठी १८४४ मध्ये आलेला ब्रिटिश अधिकारी म्हणजे रॉबर्ट गिल. जवळजवळ वीस वर्षे त्याने तिथे काढली. त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या आणि त्याने पुन्हा काम हातात घेतलं. आणि आधुनिक बोल्डरिंगचा जनक मानला जातो तो अमेरिकन, त्याचं नाव जॉन गिल! हा गणिताचा प्राध्यापक (एम-थ्रीवाल्यांनी नोंद घ्यावी) आणि जिम्नॅस्ट. १९५० च्या दशकात त्याने जिम्नॅस्टिक्समधला हाताला लावायचा खडू आणि जिम्नॅस्टिक्सची तालीम दगडावर आणली. एक गिल चिकाटीचा, एक गिल तालमीचा. आपल्याला दोघांचेही थोडे थोडे गुण लागतील असं दिसतंय.

मग कधी काय करायचं?

सरांच्या टेबलचा आणि मामांच्या सल्ल्याचा मी जो अर्थ लावला तो असा : अटेम्प्ट म्हणजे मोजमाप, तालीम म्हणजे दुरुस्ती. नुसतं मोजत राहिलं तर काही दुरुस्त होत नाही. आणि न मोजता दुरुस्ती केली तर भलताच नट आवळला जातो. म्हणून पडलं की आधी बघायचं, कुठे आणि कसे पडलो?

दर वेळी वेगळ्या जागी पडत असाल तर वाट अजून पाठ झालेली नाही. अशा वेळी अटेम्प्टच करा, दगडच शिकवेल. दर वेळी एकाच जागी पडत असाल आणि ताजेतवाने असताना ती एकच मूव्ह वेगळी करून बघितली तरी होत नसेल, तर ताकद किंवा पद्धत कमी आहे. दगड सोडा आणि तालीम धरा. ती मूव्ह वेगळी जमते पण खालून चढत आल्यावर जमत नाही, तर दम कमी आहे. मूठ आवळून धरली की हातातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त कमी पोचतं आणि हात दगडासारखे होतात. त्याची तालीम वेगळी, लांब आणि हलकी. आणि दोर वरून लावलेला असताना जमतं पण पडायची शक्यता असली की जमत नाही, तर भीती आहे. भीतीला जोर-बैठका चालत नाहीत. सुरक्षित ठिकाणी थोडं थोडं पडायची सवय करावी लागते.

जानेवारीच्या मध्यापासून मी तालीम सुरू केली. मामांनी कार्पेंट्री शॉपमधली सागाची वीस मिलिमीटरची पट्टी घासून दिली, ती आम्ही दाराच्या चौकटीवर बसवली. मेसमधला वजनकाटा पायाखाली ठेवायचा. माझं वजन ५२ किलो. पट्टी धरून काट्यावर उभं राहिलं की काटा जितका कमी दाखवेल तितका भार बोटांवर. पहिल्या दिवशी काट्यावर ३४ होते, म्हणजे बोटांवर फक्त १८. दहा सेकंद धरायचं, तीन मिनिटं सोडायचं, असं पाच वेळा, आठवड्यातून दोनदा. दुखलं की त्या दिवशी बंद. मार्चच्या मध्यापर्यंत काटा १४ वर आला, म्हणजे बोटांवर ३८. हा टेबल मात्र मी व्यवस्थित ठेवला. सरांना दाखवला, सरांनी सही केली!

मार्चअखेर परत गेले. आता नियम कडक : दिवसाला चारच अटेम्प्ट, मध्ये पाच मिनिटं. आणि पहिल्याच अटेम्प्टला... चौथ्या मूव्हला पडले. त्याच जागी! दोन महिने फुकट गेले असं वाटून रडू यायचं बाकी होतं. पण मैत्रिणीने मोबाइलवर शूटिंग केलं होतं. त्यात दिसलं की बोटं भोकात पक्की होती, सुटला होता डावा पाय. आधी बोटंच इतक्या लवकर सुटायची की पायाचा दोष कधी दिसलाच नव्हता. तालमीने मला वर नेलं नाही, खरी चूक दिसेल इतका वेळ लटकवून ठेवलं. पाय चार बोटं उजवीकडे ठेवायला लागले, आणि तिसऱ्या रविवारी चौथी मूव्ह गेली.

दगड मात्र अजून झालेला नाही. आता मी अगदी वरच्या कडेवर, अंग वर घेताना पडते. एप्रिलमध्ये दगड इतका तापतो की हाताला घाम सुटून पकडच राहत नाही, आणि पावसाळ्यात कातळ शेवाळतो. म्हणजे आता भेट ऑक्टोबरमध्येच. पण नव्या जागी पडणं आणि जुन्या जागी पडणं यात फार फरक आहे हे मला पटलंय.

आणि दुसरी एम-थ्री? दोन अटेम्प्टमध्ये मी काय केलं होतं, तर जुने पेपर पुन्हा पुन्हा सोडवले होते. रेघा मारल्या होत्या! या वेळी आधी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स काढली आणि कुठे पडले ते बघितलं. दोन्ही वेळा एकाच जागी : इन्व्हर्स लाप्लास. आणि लाप्लासमध्येही नाही, त्यातल्या पार्शल फ्रॅक्शनमध्ये. म्हणजे बारावीचं बीजगणित! दोन आठवडे फक्त तेवढंच केलं, मग पेपरला हात लावला. निकाल लागलाय. एक एम-थ्री सुटली.

तेव्हा मित्र-मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कुणी "कितवा अटेम्प्ट?" विचारलं तर आकडा जरूर सांगा, लाजू नका. पण त्याच्या पुढे एक वाक्य जोडता येतंय का ते बघा : मागच्या वेळी कुठे पडलो होतो आणि त्यानंतर काय बदललं. जोडता येत नसेल, तर फॉर्म भरायच्या आधी जरा वर्कशॉपमध्ये मामांना भेटून या.